१९७२ ची डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार अनेक वर्षे शेडमध्ये उभी आहे. ती पूर्ववत करून कोकणच्या प्रवासाला नेता येईल का?

तुम्ही दिलेल्या तपशिलानुसार, तुमच्या चुलत्यांनी केनियातून परतताना आणलेली उजव्या स्टिअरिंगची २४०झेड विट्याजवळच्या मळ्यात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली आहे, आरसी बुक घरात जपलेले आहे, आणि तुम्हाला ती शोभेची वस्तू म्हणून न ठेवता कुंभार्ली घाटाने चिपळूणला न्यायची आहे. असे निश्चितपणे करता येते. मी सांगलीत राहतो आणि मुंबईच्या एका कुटुंबाकडून घेतलेली याच घराण्यातली गाडी चालती करून नियमितपणे चालवतो, त्यामुळे जे लिहितो आहे ते हाताखालून गेलेले आहे.

गॅरेजमध्ये पाऊल टाकण्याआधी आरटीओच्या बाबतीत एक निर्णय घ्यावा लागेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ऐकायला हे मानाचे वाटते, परंतु अशी गाडी केवळ प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुमचा हेतू प्रवासाचा असल्याने जुनी सर्वसाधारण नोंदणी जिवंत करणे आणि दर पाच वर्षांनी तपासणी व पर्यावरण कर भरून तिचे नूतनीकरण करत राहणे हाच योग्य मार्ग आहे. एवढ्या जुन्या गाड्यांच्या नोंदी बहुधा हस्तलिखित रजिस्टरात असतात आणि संगणकावर दिसत नाहीत. तेव्हा बॅकलॉग एंट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घेण्यासाठी, अर्ज करावा लागतो. त्यापूर्वी इंजिन कप्प्यातल्या मागच्या पत्र्यावर ठोकलेला चासी क्रमांक तारेच्या ब्रशने हळुवार साफ करून आरसी बुकाशी ताडून पाहा. उजव्या स्टिअरिंगच्या निर्यात गाडीचा क्रमांक ‘एचएस३०’ने आणि इंजिनाचा क्रमांक ‘एल२४’ने सुरू झाला पाहिजे. हे जुळत असेल, तर पुढचा सगळा खर्च करण्यात अर्थ आहे.

त्यानंतर पत्रा. या गाडीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची काया हाच तिचा सांगाडा असतो, म्हणून गंज हा येथे सौंदर्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. बॅटरीच्या तबकाखालचा भाग प्रथम पाहा, कारण तेथून ओघळलेले आम्ल खालच्या आडव्या रेलपर्यंत पोहोचते. मग पायाखालचा तळ, दरवाज्यांखालच्या पट्ट्या, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा कोपरा आणि मागच्या झाकणाचा उंबरठा तपासा. पेचकसाच्या मुठीने ठोकत गेल्यास निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि पुटीने भरलेला बद्द आवाज करतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडण्यापूर्वी गाडी चारही बाजूंनी समपातळीत टेकवावी आणि दरवाजे जागेवरच ठेवावेत, नाहीतर काम संपल्यावर दरवाज्यांच्या फटी जुळत नाहीत. रंगाची निवड, खुर्च्यांचे कापड वगैरे गोष्टी नंतर निवांतपणे ठरवता येतात.

इंजिनाविषयी माझे मत ठाम आहे: मूळ एल२४च ठेवा. पुष्कळजण तुम्हाला आधुनिक इंजिन बसवण्याचा सल्ला देतील. परंतु २,३९३ घनसेंटिमीटरचे हे सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन अत्यंत दणकट आहे, आणि याच गाडीने १९७१ व १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. त्यांपैकी १९७३ चा विजेता शेखर मेहता हा भारतीय वंशाचा चालक होता. तुमची गाडी केनियातूनच आलेली असल्याने हा वारसा आपल्या हाताने पुसून टाकू नये असे मला मनापासून वाटते. वर्षानुवर्षे थांबलेल्या इंजिनाला एकदम स्टार्टर मारू नका. सहाही प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, आणि मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. झाकण उघडून कॅमशाफ्टवर तेल ओतणारी बारीक नळी साफ करणे फार महत्त्वाचे आहे, कारण तिची छिद्रे बुजलेली असतील, तर कॅम पहिल्या काही मिनिटांतच खरवडून निघतो. बोअरिंग, हेड घासणे, व्हॉल्व्ह गाइड, बुश ही सगळी लेथची कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम होतात. तेथील कारागिरांच्या पिढ्या ऑइल इंजिनांवर घडलेल्या आहेत. गॅस्केट, रबरे आणि काचांच्या पट्ट्या मात्र जपान, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातून मागवाव्या लागतात, आणि त्यांवरचे आयातशुल्क अंदाजपत्रकात आधीच धरावे.

आता ज्या गोष्टीवर सर्वाधिक लक्ष द्यायला हवे, त्या इंधनाकडे वळतो. आपल्या कृष्णाकाठी उसाच्या मळीपासून आणि रसापासून तयार होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते, आणि ही गाडी ज्या काळात बनली, त्या काळात तिच्या नळ्या, पडदे व टाकी असल्या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. जुने रबर इथेनॉलमुळे फुगते, मऊ पडते आणि आतून सुटू लागते. टाकीत साठलेला जुना राळेसारखा थर सुटून फिल्टर तुंबतो. आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषत असल्याने उभ्या गाडीच्या लोखंडी टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉलचा वेगळा थर जमून गंज वाढतो. म्हणून टाकी उतरवून आतून पूर्ण स्वच्छ करून घ्या आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी फ्लोरोरबराच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, अस्तराची बसवा. पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचाच हवा. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करून ठेवा.

दुसरा परिणाम मिश्रणावर होतो. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन कोरडे (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) चालते आणि घाटात अधिक तापते. सुदैवाने या गाडीवरचे दोन हिताची कार्ब्युरेटर एसयू पद्धतीचे आहेत. मिरज-सांगलीत ॲम्बेसेडरवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री अजून भेटतो, आणि त्याला ही रचना ओळखीची असते. घुमटाखालचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की तो ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करून खाली बसला पाहिजे. अडखळला, तर आधी तो साफ करा. मिश्रणाची चकती पूर्ण वर नेऊन सुमारे अडीच फेरे खाली आणणे ही कारखान्याची सुरुवातीची स्थिती आहे. तेथून थोडी थोडी आणखी खाली आणत, प्रत्येक वेळी रस्त्यावर चालवून, प्लगच्या टोकाचा रंग पाहा. पांढुरका रंग कोरडेपणा दाखवतो आणि फिकट तपकिरी रंग योग्य असतो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात याची खात्री केल्याशिवाय हे काम पूर्ण झाले असे समजू नका.

या इंजिनात हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची बाजू एकच आहे, त्यामुळे तापलेला एक्झॉस्ट थेट कार्ब्युरेटरांच्या खाली येतो. चहाला दहा मिनिटे थांबून पुन्हा किल्ली फिरवली की वाट्यांतले पेट्रोल उकळलेले असते आणि गाडी सुरू होत नाही. इथेनॉलमुळे ही अडचण वाढते. दोहोंमध्ये उष्णतारोधक पत्रा बसवणे, इंधनाची नळी इंजिनाच्या अंगापासून दूर नेऊन तिला वेष्टन घालणे आणि रेडिएटर उघडून साफ करून घेणे हे उपाय एकत्र केले तरच उपयोग होतो.

प्रवासाआधी ब्रेक आणि वायरिंग नव्याने करा. पुढच्या डिस्कचे कॅलिपर, मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल यांतले जुने काहीही ठेवू नये, कारण पाणी शोषलेले ऑइल घाट उतरताना उकळते आणि पेडल पोकळ होते. हेडलाइटचा सगळा विद्युतप्रवाह मूळ रचनेत स्विचमधूनच जातो. तेथे रिले (हा प्रवाह स्वतःवर घेणारा विजेवर चालणारा वेगळा स्विच) बसवल्यास स्विच आणि फ्यूजची पेटी जळण्यापासून वाचते व उजेडही वाढतो. टायरवर एकही तडा दिसत नसला, तरी बाजूला छापलेला चार अंकी आठवडा-वर्षाचा आकडा वाचून जुने टायर बदला.

पहिल्याच दिवशी घाटाला जाऊ नका. औदुंबर किंवा नरसोबावाडीपर्यंत जाऊन या आणि घरी आल्यावर प्रत्येक जोड हाताने चाचपून पाहा. मग तासगावमार्गे विट्यापर्यंत, आणि सर्व ठीक असेल, तर वाईहून पसरणी घाटाने पाचगणी चढा. भर उन्हात हा चढ पार करून तापमानाचा काटा स्थिर राहिला, तर कूलिंगची चिंता मिटली. प्रवासाचा काळ दिवाळी ते महाशिवरात्र हा चांगला, परंतु हाच गाळपाचा हंगाम असल्याने अंधार पडल्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, म्हणून कऱ्हाड-पाटणचा टप्पा दिवसाउजेडीच पार करा. सोबत फॅनबेल्ट, रेडिएटरच्या नळ्या, इग्निशनचे पॉइंट व कंडेन्सर, इंधनाचा फिल्टर, फ्यूज, वायर, क्लिपा आणि पाण्याचा कॅन ठेवा.

कोयनानगरला थांबून इंजिन थंड होऊ द्या, पाणी-ऑइल पाहा, आणि कुंभार्ली उतरताना सुरुवातीपासूनच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहून वेग इंजिनानेच आवरा. ब्रेक फक्त वळणापूर्वी, थोडा वेळ आणि ठामपणे दाबा. पोफळीला पोहोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा: एखादे चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर तेथील ब्रेक धरून बसलेला आहे, आणि तो चिपळुणात मोकळा करून घेतल्याशिवाय परतीचा घाट चढू नका.