आठवीच्या वर्गात १९४२ चे आंदोलन शिकवताना सुरुवात मुंबईपासून करावी की खानदेशापासून?

सुरुवात खानदेशातील नंदुरबारपासून करावी आणि तेथून मागे मुंबईच्या ‘भारत छोडो’ ठरावाकडे जावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, म्हणजे ९ ऑगस्टच्या काँग्रेस नेत्यांच्या अटकसत्रानंतर बरोबर एका महिन्याने, तेथे गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा, जवळजवळ आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा होता. त्यामुळे ‘मुंबईतील ठराव महिन्याभरात येथील शाळकरी मुलांपर्यंत कसा पोहोचला?’ हा प्रश्न मुले आपणहून विचारतात, असा वर्गातील अनुभव आहे. त्याच्या उत्तरासाठी खानदेशातच झालेले १९३६ चे फैजपूर अधिवेशन, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले, अवश्य सांगावे. मात्र गावातील वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी तत्कालीन कागदपत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय वहीत उतरवू देऊ नयेत.