उतारावरची कॅरॅव्हॅन

प्रश्न: घरापुढची गाडी लावायची जागा रस्त्याकडे उतरती आहे. एकाच आसाची कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, मी तिथे नाक घराकडे, म्हणजे चढाकडे करून लावतो. जॉकी व्हील, म्हणजे नाकाखालचं वर-खाली होणारं छोटं चाक, पूर्ण वर घेतलं तरी नाक हवं तेवढं खाली येत नाही, म्हणून मागचे दोन पाय फिरवून मागची बाजू उचलली. आता दार घासतंय आणि गॅसवरचा फ्रिज गार होत नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: आधी दोन्ही चाकांच्या उताराकडच्या बाजूला पाचरी घट्ट बसवा आणि मागचे पाय आजच्या आज सैल करा. कोपऱ्यांचे पाय कॅरॅव्हॅन डुलू नये यासाठी असतात, उचलण्यासाठी नाही. भार चाकांवर आणि जॉकी व्हीलवरच हवा. पायांनी उचललं की सांगाडा पिळतो, दाराची चौकट तिरकी होते आणि दार घासू लागतं. भार उतरल्यावरही ते नीट लागलं नाही, तर सांगाडा जाणकाराला दाखवा.

आता उतार मोजा. दहा फुटांत एक फूट उतार असेल आणि आसापासून जॉकी व्हील चार मीटरवर असेल, तर नाक तब्बल 40 सेंटिमीटर खाली आणावं लागेल. हिचची, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या जोडाची, जमिनीपासूनची उंचीच साधारण तेवढी असते, म्हणजे नाक जमिनीला टेकेल! नाक चढाकडे ठेवून हे जमणारच नाही. कॅरॅव्हॅन फिरवा, नाक उताराकडे करा.

तसं केल्यावर नाक उचलावं लागेल. जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन, हिच लागलेली असतानाच, त्याखाली मावतील तेवढ्या रुंद फळ्या रचा आणि मग फिरवत उचला. पण मागची बाजूही पाहा: आसामागे अडीच मीटर धड असेल, तर तिथे जमीन 25 सेंटिमीटर जवळ येते. तेवढी मोकळी जागा नसेल, तर ती जागा फक्त उभी करण्यापुरती धरा, आत राहण्यासाठी नाही.

फ्रिज गार न होण्याचं कारणही हा कलच. त्यात कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया पाण्यातून निघून फिरतो आणि द्रव स्वतःच्या वजनाने परत खाली वाहतो. फ्रिज कलला की द्रव नळीच्या वळणात साचतो आणि फिरणं थांबतं. नुसती उभी ठेवायची असेल तर फ्रिज बंद ठेवा. मग थोडा कल राहिला तरी चालतो, उलट छतावर पावसाचं पाणी साचत नाही.

ब्रेकबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. 1500 किलोची कॅरॅव्हॅन अशा उतारावर जवळपास 150 किलोच्या जोराने खाली ओढली जाते. मागे जाताना ब्रेक आपोआप सुटावा अशीच या ब्रेकची रचना असते, त्यामुळे नाक चढाकडे असेल तर हँडब्रेक पकड घेईपर्यंत ती थोडी सरकते. हिच सोडताच आमची अशीच वीतभर मागे सरकली, तेव्हा माझी मुलगी मागे उभी होती. तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पाचरी नीट बसल्याशिवाय मी कुणालाही जवळ येऊ देत नाही.

क्रम असा ठेवा. हिच लागलेली असतानाच पाणसळ आडवी ठेवून डावी-उजवी बाजू पाहा. जी बाजू खाली असेल त्या चाकापुढे उतरती फळी ठेवून गाडीने हळूच वर ओढा. मग हँडब्रेक, मग पाचरी. गाडीचा ताण थोडा सैल करून कॅरॅव्हॅनचा भार पाचरींवर येऊ द्या, त्यांनी धरलं की मगच हिच सोडा. पुढे-मागेची पातळी जॉकी व्हीलने साधा. पाय सगळ्यात शेवटी, खाली लाकडाचे तुकडे ठेवून, टेकतील इतकेच. निघताना हाच क्रम उलटा. पाचरी मात्र हिच लागून, गाडीचाही हँडब्रेक ओढल्यावरच काढा.