चमकलं ते कोणतं कोलेजन?

प्रोब म्हणजे ठरावीक लक्ष्याला जाऊन चिकटणारा, सोबत रंग किंवा किरणोत्सारी अणू नेणारा रेणू. तो चमकला की कोलेजन (हाडं, कातडी, सांधे बांधून ठेवणारं प्रथिन) वाढलं, हा समज पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ही उत्तरं.

कोलेजन पावडर गुडघ्यात पोचली का, हे स्कॅनवर दिसेल? (म्हापसा)

नाही. पोटात तिची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात. डब्यावरचं गुडघ्याचं चित्र हा पुरावा नव्हे. दुखत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

फायब्रोस्कॅनवर ११ किलोपास्कल आले. एवढं कोलेजन साठलं का? (फोंडा)

ते यंत्र यकृताचा कडकपणा मोजतं. आधीच्या ३ तासांत काही खाल्लं असेल, यकृताला सूज असेल, पित्त अडलं असेल किंवा हृदय कमजोर असल्याने यकृतात रक्त तुंबलं असेल, तरी आकडा चढतो. रक्ताचे रिपोर्ट घेऊन यकृततज्ज्ञांकडे जा. रोज दारू पिणाऱ्यांनी ती सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकदम तोडल्यास झटके येऊ शकतात.

पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचे काप सायट्रेटच्या द्रावणात उकळून सीएचपी (कोलेजन हायब्रिडायझिंग पेप्टाइड) हा प्रोब लावला. निरोगी सांधाही आजारी सांध्याइतकाच चमकतो. (ताळगाव, संशोधक विद्यार्थी)

चूक उकळण्यात आहे. कोलेजन म्हणजे तीन साखळ्यांचा घट्ट पीळ. सीएचपी हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, अख्ख्या पिळाला चिकटत नाही, पीळ सुटलेल्या साखळ्यांनाच चिकटतं. तुम्ही उष्णतेने निरोगी कापाचाही पीळ सोडवलात, मग तो चमकणारच. ही पायरी गाळा.

उष्णता हवी ती पेप्टाइडला. ठेवून दिलं की त्याचे रेणू आपसातच तिपेडी पीळ घालतात आणि निकामी होतात. म्हणून द्रावण ८० अंश सेल्सिअसवर ५ मिनिटं तापवा, काही सेकंद बर्फात थंड करा आणि लगेच कापावर घाला. ४ अंशांवर रात्रभर ठेवा. इथे रेंगाळलात तर उलटा घोटाळा होतो, आजारी कापही अंधारा दिसतो. सोबत दोन काप हवेतच: मुद्दाम तापवलेला, जो चमकायला हवा, आणि क्रम विस्कटलेलं पेप्टाइड लावलेला, जो चमकू नये.

एवढं नीट जमलं तरी चमक सांगते मोडतोड, साठा नव्हे. निरोगी हाडातही जुनं कोलेजन रोज मोडून नवं बसतं. साठ्यासाठी पिक्रोसिरियस रेड हा कोलेजन रंगवणारा रंग लावा. कोलेजनच्या साखळ्यांत नव्याने होणाऱ्या जोडण्यांसाठी, त्या जोडण्या घडवणारं अमिनो आम्ल अ‍ॅलिसिन ओळखणारे प्रोब वेगळे असतात. निष्कर्ष लिहिण्याआधी काप पॅथॉलॉजिस्टना दाखवा.

बाबांना फुफ्फुसाचा फायब्रोसिस (कोलेजन साठून व्रण पडणं) आहे. टाइप १ कोलेजनला चिकटणाऱ्या गॅलियम-६८ प्रोबच्या पेट स्कॅनसाठी थांबावं का? (मडगाव)

अजिबात नको! तो अजून संशोधनात आहे. एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि श्वासाच्या चाचण्या आज होतात. पिरफेनिडोन, निन्टेडानिब ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, झालेला व्रण पुसत नाहीत. गेलेले महिने परत मिळत नाहीत. याच आठवड्यात छातीरोगतज्ज्ञांकडे न्या. कोणतं औषध द्यायचं ते तेच ठरवतील.

एमआरआयमधलं गॅडोलिनियम (चित्र ठळक दिसावं म्हणून टोचतात ते द्रव्य) कोलेजनला चिकटतं का? (काणकोण)

नेहमीचं नाही, ते पेशींबाहेरच्या जागेत साचतं आणि व्रणात ती जागा जास्त असते. किडनीचा त्रास असेल तर इंजेक्शनआधी रेडिऑलॉजिस्टना क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा.