माझी फ्लेक्सिबिलिटी कमी, मुलीची जास्त, मग चांगलं कुणाचं?

प्रश्न : मला वाकून पायाचे अंगठे धरता येत नाहीत, फिजिओनी कागदावर चक्क ‘फ्लेक्सिबिलिटी कमी’ लिहून दिलंय. माझी १६ वर्षांची मुलगी मात्र दोन्ही हातांचे अंगठे वाकवून मनगटाला टेकवते, उभी राहिली की तिचे दोन्ही गुडघे मागे जातात, सगळे कौतुक करतात. पण तिचा घोटा सारखा मुरगळतो. हे कसं काय?

उत्तर : कौतुक जरा थांबवा, मला तुमच्यापेक्षा मुलीचीच काळजी जास्त वाटतेय. सांध्याची हालचाल किती होते आणि भोवतीचे स्नायू, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे पट्टे) किती ताणले जातात, डॉक्टर लोक फ्लेक्सिबिलिटी म्हणतात ती एवढीच, आणि ती जास्त म्हणजे चांगली असं अजिबात नसतं. सांधे जास्त सैल आहेत का हे बघायला बेटन स्कोअर असतो, ९ पैकी मार्क, करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा हे चार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाकले तर दोन्ही बाजूंचे मिळून ८ आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर १. तिच्या वयाला ५ म्हणजे सैल धरतात. अंगठे टेकतात, आणि गुडघे १० अंशांपेक्षा जास्त मागे जात असतील तर तिचे ४ इथेच झाले! नुसता स्कोअर जास्त आला म्हणजे आजार नव्हे, बऱ्याच जणांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, पण घोटा मुरगळतोय म्हटल्यावर तिला स्ट्रेचिंग नको, स्नायूंची ताकद आणि तोल सांभाळायचे व्यायाम हवेत. सांधा निखळत असेल, कातडी खूप ताणली जात असेल किंवा जराशानं काळंनिळं पडत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच, कोलॅजनचा, म्हणजे सांधे-कातडीला मजबुती देणाऱ्या प्रथिनाचा, दोष असू शकतो.

आता तुमचं. अंगठे धरता न येणं हा काही आजार नाही, बहुतेक वेळा मांडीमागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, आखडलेले असतात. थोडं चालून अंग गरम झालं की हळूहळू ताणायचं, १५ ते ३० सेकंद तसंच धरायचं, झटके द्यायचे नाहीत, आठवड्यातून २-३ दिवस पुरे. वाकताना कळ पायात उतरत असेल तर ताणत बसू नका, आधी तपासून घ्या. आणि हो, डायबेटिस असेल तर फिजिओंना सांगा, त्यात खांदा आणि बोटं आखडायचं प्रमाण जास्त असतं.