‘लुका, आटप लवकर!’

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात फ्लोरेन्स येथील मेदिची-रिकार्दी वाड्यात लुका जोर्दानोने रंगवलेले भव्य छत आम्ही पाहिले. मार्गदर्शकाने त्याचा उल्लेख ‘झटपट उरकणारा लुका’ असा केला. हे कौतुक समजावे की दूषण?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : छतांपुरते कौतुक समजावे. काम लवकर झाले की ते कच्चे असणार, हा संशय केवळ आपल्या पेठांचा नव्हे. जोर्दानोच्याही तो पाठी लागला. त्याचा जन्म नेपल्सचा, १६३४ सालचा. चित्रकार असलेले वडील त्याच्यामागे ‘लुका, फा प्रेस्तो’, म्हणजे ‘लुका, आटप लवकर’, असा घोशा लावत, अशी आख्यायिका आहे. त्याचा हात प्रथम नेपल्समधील स्पॅनिश चित्रकार रिबेरा याच्या काळोख्या शैलीत घडला. व्हेनिसच्या चित्रकारांचा आणि पिएत्रो दा कोर्तोनाचा प्रभाव पडल्यावर त्याचे रंग उजळले.

ही छते फ्रेस्कोची, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली; त्या पद्धतीत मुळात रेंगाळायला सवडच नसते. त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर चुना-वाळूचा ओला गिलावा द्यायचा आणि पाण्यात कालवलेले रंग तो ओला आहे तोवरच लावायचे. पुढे चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो व रंगाचे कण त्यातच पक्के बसतात. दिवसअखेर उरलेला कोरा गिलावा खरवडून काढावा लागतो, आणि तिरप्या उजेडात जवळून पाहिल्यास रोजच्या कामाचे सांधे ओळखू येतात. (अजिंठ्याची चित्रे या पद्धतीची नव्हेत, ती कोरड्या लेपावर, रंगात चिकट द्रव्य मिसळून काढलेली आहेत.)

तैलरंगाचा थर मात्र वाळेपर्यंत थांबता येते, तरी तेथेही त्याने वेग सोडला नाही. त्यामुळे काही तैलचित्रांतील मागच्या रांगेतले चेहरे मला एकाच साच्यातले वाटतात.

१६९२ साली स्पेनचा राजा दुसरा कार्लोस याच्या दरबारी गेलेल्या जोर्दानोने माद्रिदजवळच्या एस्कोरियल या राजवाडा-मठाच्या मुख्य जिन्यावरील छत रंगवले. त्यात वर ढगांमध्ये स्वर्ग उघडलेला आहे, तर खालच्या पट्ट्यात स्पेनने फ्रान्सविरुद्ध जिंकलेली १५५७ सालची साँ-काँतँची लढाई जुंपली आहे. दहा वर्षांनी तो नेपल्सला परतला आणि १७०४ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, सान मार्तिनो मठातील खजिन्याच्या प्रार्थनागृहाचे छत त्याने पूर्ण केले. तेथे बायबलमधील कथेची नायिका ज्युडिथ शत्रुसेनापतीचे कापलेले शिर उंच धरून उभी आहे आणि भोवती त्याच्या फौजेची पळापळ उडाली आहे. जानेवारी १७०५ मध्ये जोर्दानोचे निधन झाले.