ह्युमनाइझ लावूनही व्हर्च्युअल ड्रम्स मशीनसारखेच का वाटतात?

तुम्ही लिहिलंय, महागाचं ड्रम सॉफ्टवेअर घेतलं, ठोके मुद्दाम थोडे कमीजास्त करणारं त्यातलं ह्युमनाइझ लावलं, तरी ठेका मशीनचाच वाटतो. सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. आधी ते ह्युमनाइझ बंद करा.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) वाजवतो. धान निघालं की वडश्याहून नाटकं सुटतात, रात्र रात्र चालतात. एका नाटकातली लावणी रेकॉर्ड करायची होती, म्हणून मी घरीच पॅडवर वाजवून मिडी फाइल स्टुडिओत दिली. तिच्यात आवाज नसतो, कुठला ठोका कधी आणि किती जोरात, एवढीच नोंद असते; जोराचा आकडा १ ते १२७, त्यालाच वेलॉसिटी म्हणतात. स्नेअरचे (खाली तारा लावलेल्या ड्रमचे) मुख्य ठोके ११० च्या आसपास, मधले डाव्या हाताचे बारीक ठोके तिशीत, हाय-हॅट (झांजांची जोडी) एक जड, एक हलका. स्टुडिओवाल्यानं सगळं सरसकट १२७ वर नेलं, ग्रिडवर, म्हणजे तालाच्या नेमक्या आखलेल्या रेघांवर, बसवलं आणि वरून ह्युमनाइझ मारलं. "आता दमदार झालं," म्हणे. माझ्या काकांची हयात दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवण्यात गेली. मोबाइलवर चार ओळी ऐकून ते म्हणाले, "हे तू नाई वाजवलं बे." स्टुडिओवाल्याला सांगितलं तर तो हसला. खेड्यातल्या ढोलकीवाल्याला यातलं काय कळतं, म्हणाला.

काकांना बरोबर कळलं होतं. स्नेअर हळू वाजवला की आवाज नुसता लहान होत नाही, त्याची जातच बदलते. तडाखा जातो, खालच्या तारांची सरसर पुढे येते. म्हणून या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक ड्रम हलक्यापासून जोरापर्यंत वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो आणि १ ते १२७ मधली तुमची वेलॉसिटी त्यातला थर निवडते. एकेका थरातही बरीच रेकॉर्डिंग आळीपाळीनं वाजतात, नाहीतर तोच तो ठोका बंदुकीसारखा तडतडतो. सुपिरियर ड्रमर ३ या ड्रम सॉफ्टवेअरचे २३० जीबी अशाच रेकॉर्डिंगनं भरलेत. सगळं १२७ वर नेलं की फक्त वरचा थर वाजतो, बाकीचं पैसे देऊन नुसतं पडून.

आणि माणसाचा हात वाट्टेल तसा कमीजास्त होत नाही. समेवर जोर पडतो, कमजोर हात कमजोरच राहतो, आणि दर आवर्तनात ते तसंच येतं. ह्युमनाइझ नुसते फासे टाकतं, समही हलकी करून ठेवतं.

तेव्हा माउसनं भरू नका, पॅडवर वाजवा. पॅड नसेल तर कीबोर्डवर दोन बोटांनी. त्याआधी वेलॉसिटी कर्व्ह (किती जोराला किती आकडा, ही सेटिंग) नीट लावा, हलक्या टिचकीला वीस-तीस यायला हवेत. आणि फाइल दुसऱ्याच्या हाती देताना वेलॉसिटीला हात लावायचा नाही, हे आधीच बजावा.

हां, धुमालसाठी (मिरवणुकीतल्या बँडसाठी) बनवत असाल तर सपाट जोरच चालतो, भोंग्यांवर बारीक ठोके ऐकूच येत नाहीत. ह्युमनाइझनं टायमिंग किंचित हललं तरी हरकत नाही, माझं भांडण वेलॉसिटीपुरतं आहे. माझी मूळ फाइल अजून जपून ठेवलीय. स्टुडिओवाल्यानं कधीही यावं, दोन्ही लागोपाठ लावतो, काकांनाच बसवतो ऐकायला.