यलोनाइफच्या उत्तरेला पहिल्यांदा जाताना

हिऱ्यांच्या शोधाच्या कामावर कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफ शहरापलीकडे निघताना सामानात आधी लोकरीच्या मोज्यांचे सहा जोड टाक आणि डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी. जूनअखेर तिथे चहात साखरेपेक्षा डास जास्त. काळ्या माश्या तर कानामागे चावतात, रक्त हाताला लागलं की मगच कळतं. अंधार असा पडतच नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून झोप.

विमान ठरल्या दिवशी येईल हे धरून चालू नकोस. धुकं बसलं की दोन-तीन दिवस गेलेच. औषधं जास्तीची ने. अस्वलाला पळवायचा स्प्रे पट्ट्याला, बॅगेत नाही. तंबूत खाणं ठेवायचं नाही, टूथपेस्टसुद्धा नाही.

काम म्हणशील तर बरंचसं वाळू-मातीचं. हिमनदीखालच्या प्रवाहांनी टाकलेल्या वाळू-खडीच्या लांब उंचवट्यांमधून, म्हणजे एस्करमधून, नमुने घ्यायचे. त्यात जांभळट पायरोप गार्नेट, हिरवा क्रोम डायोप्साइड ही हिऱ्यांचा माग देणारी खनिजं निघतात का, ते पुढे प्रयोगशाळा बघते. १९९१ मध्ये तिथल्याच लाक द ग्रा तळ्याजवळचे हिरे अशाच दाण्यांचा माग काढत सापडले. पिशवीवर नंबर लिहिलास तरी आत चिठ्ठी टाकच. माझ्या पिशवीवरची शाई पावसात गेली, आख्खा दिवस पाण्यात.

आणि स्वयंपाक्याशी जुळवून घे. गोड्या मसाल्याची पुडी सोबत ने, रोजच्या बटाट्याला कंटाळशील.